प्रमोदिनीताईंना हवं असलेलं घरचं वाक्य

प्रमोदिनीताई सरदारपूरच्या सरकारी शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झाल्या आणि देवासला आमच्या गल्लीत राहायला आल्या. यजमान आधीच गेलेले. संध्याकाळी त्या शिकवणी घेतात. नवं क्रियापद शिकलं की त्याचं वाक्य आपापल्या घरातलं आणायचं, हा त्यांचा नेम. मुलं कुरकुरली की म्हणतात, "अरे भिया, पुस्तकातलं मला पाठ आहे. तू घर का बता."

माझं शिक्षण मराठीतून. मुलीच्या शाळेत चार वाक्यं बोलता यावीत म्हणून पंचेचाळिसाव्या वर्षी मीही वही घेऊन त्यांच्याकडे बसू लागले.

गेल्या भाद्रपदात आमच्याकडे महालक्ष्म्या बसल्या. ताई सकाळपासून मदतीला. पुरण त्यांनी वाटलं, सोळा भाज्या त्यांनी चिरल्या. संध्याकाळी हळदीकुंकवाचं तबक माझ्या हातात होतं. सासूबाईंनी डोळ्यांनी खूण केली आणि मी ताईंना सोडून पुढच्या बाईकडे वळले. "मी जरा पाण्याचं बघते," म्हणत ताई आत गेल्या.

चार दिवसांनी शिकवणीत क्रियापद आलं, 'कन्डोन'. ताई म्हणाल्या, "चूक दिसते, चूक आहे हे कळतं, तरी काणाडोळा करून ती चालू द्यायची. उद्या घरचं वाक्य आणा."

त्या संध्याकाळी देवापुढे निरांजन लावलं, पण वर बघवेना. शेवटी तीनदा खोडून इंग्रजीत लिहिलं: सासूबाईंनी ताईंना कुंकू लावू दिलं नाही, मी ते कन्डोन केलं.

दुसऱ्या दिवशी शेजारी बसलेला मनन म्हणाला, "काकू, दाखवा ना, हम भी देखें!" ताईंनी वही त्याच्यापासून लांब धरून वाचली. लाल पेनानं क्रियापदाखाली रेघ ओढली.

"हे दुसऱ्याच्या चुकीला लावतात," त्या हळूच म्हणाल्या. "तबक कोणाच्या हातात होतं?"

"माझ्या."

"मग पुन्हा लिहा."

तिथंच लिहिलं, साधं, शाळेतल्या पोरीसारखं: मी तुम्हांला कुंकू लावलं नाही. त्यांनी बरोबरची खूण केली आणि वही मिटून दिली. माझ्या तोंडून माफीचा शब्द फुटला नाही, मुलं बसली होती ना, असं मी घरी येईपर्यंत स्वतःला सांगत राहिले.

यंदा महालक्ष्म्यांसाठी ताईंना बोलवायला गेले तर म्हणाल्या, "भाज्या इथेच चिरून ठेवते, न्यायला या."

मी हो म्हणाले. आग्रह करायला तोंड नव्हतं.