सुईवरचा चिमटा

सकाळची सायकलफेरी संपवून म्हातारे चहाला टेकले आणि फ्लूच्या इंजेक्शनचा विषय निघाला. टेलरमास्तरांचा चेहराच उतरला. जन्मभर सुईवर पोट भरलं, पण दवाखान्यातली सुई दिसली की त्यांची पाचावर धारण बसायची!

“आमची ही दुसऱ्या दंडाला असा चिमटा काढायची, की सुई टोचलेली कळायचंच नाही. ती गेल्यापासून दवाखान्याची पायरी चढलो नाही बघा.”

“मग मी कशाला आहे? चल!” म्हणत त्यांच्यातल्याच एका रिटायर्ड पोस्टमनने मास्तरांची सायकल दवाखान्याकडे वळवली.

नर्स सुई टोचत असताना त्याने दुसऱ्या दंडाला कचकचून चिमटा काढला. मास्तरांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

“दुखलं का हो, आजोबा?” नर्सने विचारलं.

“कुठलं दुखतंय!” दंड चोळत मास्तर पुटपुटले. “तिच्या चिमट्याची सर नाही याला.”