नेम चुकल्यानंतर

सुहासिनी कर्वे घरात अंडंसुद्धा शिजवू देत नाही, आणि हिवाळ्यातल्या शनिवारी शिकारीला जाते. हे एका दमात सांगितलं की लीड्समधल्या आमच्या मराठी बायका माझ्याकडे संशयाने बघतात. मी थापा मारतेय असं त्यांना वाटतं. खुशाल वाटू दे.

तिच्या हातात बंदूक नसते, ठमी असते. ठमी म्हणजे तिची काळी लॅब्राडोर, नाकाने तिखट आणि स्वभावाने हावरट. इथे हिवाळ्यात फेझंट मारतात. कोंबड्याच्या जातीचा, लांब शेपटीचा पक्षी. एका बाजूने माणसं काठ्या आपटत झाडीतून येतात, पक्षी उडतात आणि समोर ओळीने उभे असलेले बंदूकवाले त्यांच्यावर छर्रे झाडतात. बरेचसे जागीच मरून पडतात. काही मात्र छर्रा लागूनही उडत राहतात आणि लांब कुठेतरी भिंतीपलीकडे, झुडपांत जाऊन पडतात. ते शोधायला ओळीच्या खूप मागे कुत्री घेऊन माणसं थांबतात. त्यांतली एक आमची सुहासिनी.

जन्मभर तिने इथल्या हॉस्पिटलात फिजिओथेरपी केली. लोकांचे गुडघे सरळ करता करता स्वतःचा वाकडा झाला. रिटायर झाल्यावर तिने ठमी आणली आणि डोंगरात फिरायला जायला लागली. एक दिवस ठमीने झुडपातून एक जिवंत फेझंट तोंडात धरून आणला. पंख मोडलेला. सुहासिनी तो हातात घेऊन नुसती उभी राहिली. शेजारच्या शेतावरचा जेफ धावत आला, त्याने डोक्यावर एका फटक्यात पक्ष्याला वेदनेतून मोकळं केलं आणि टोपी काढून तिची माफी मागितली. हिने माफी बाजूला ठेवली आणि म्हणाली, "मला शिकव."

"अगं, तू एकादशी करतेस!" मी तिला म्हटलं होतं.

"करते की. मारायचं की नाही हे मला कोणी विचारत नाही, वीणा. पण अर्धमेला पक्षी थंडीत तसाच पडून राहू नये, एवढं माझ्या हातात आहे."

तिच्या खिशात वीतभर लांबीचा एक दांडका असतो. पक्षी जिवंत सापडला तर त्याने डोक्यावर एकच फटका. घरी आल्यावर आंघोळ, मग देवापुढे दिवा. मला हे सगळं भयंकर वाटतं आणि मी तसं तोंडावर सांगते. ती म्हणते, मग येऊ नकोस. पण गुडघ्यामुळे तिला लांबवर गाडी चालवता येत नाही, म्हणून मी नेते आणि चिखलात उभी राहून थंडीला शिव्या घालते.

सीझनच्या शेवटच्या शनिवारी अंशुमन आला. तिच्या भाचीचा, ईशिताचा नवरा. पुण्याचा मुलगा, मँचेस्टरला फायनान्समध्ये. त्याचा बॉस ह्या शिकारवाल्यांपैकी एक. त्याने पाहुणा म्हणून अंशुमनला बोलावलं होतं. वर्षभर हवेत उडवलेल्या मातीच्या चकत्यांवर नेम धरून तयारी केलेली, नवी कोरी टोपी, नवे बूट. मावशी तिथेच कुत्रं घेऊन असते हे कळल्यावर तो जरा चपापलाच होता.

पहिली फेरी संपली. बंदुका रिकाम्या झाल्या की सुहासिनी ओळीतून फिरते आणि प्रत्येकाला विचारते, कोणाचा जखमी होऊन गेला का? तिथला हा रिवाजच आहे. नेम चुकला तर कोणी हसत नाही, सगळ्यांचाच चुकतो. पण लागूनही पक्षी निसटला असेल, तर कुठे लागला आणि कुठे गेला हे सांगायलाच हवं. त्याशिवाय कुत्र्याला तरी कुठे सोडणार?

"तुझं काय रे?" तिने अंशुमनला विचारलं.

"नथिंग, मावशी. एकच फायर केला. क्लीन मिस."

"बरं," म्हणून ती पुढे गेली.

जेवणाची सुट्टी झाली. धान्याच्या कोठारात सगळे सूप पीत होते, आम्ही दोघी आमचे मेथीचे ठेपले खात होतो. जेफ शेजारी येऊन बसला. सकाळी बंदूकवाल्यांच्या ओळीत तो अंशुमनच्या बाजूलाच उभा होता.

"तुमच्या त्या पोराचा नर सापडला का?" त्याने सहज विचारलं. "पाय लोंबत होता त्याचा. वरच्या भिंतीपलीकडे गेला."

सुहासिनीने हातातला ठेपला डब्यात ठेवला. तिचा चेहरा मी इतक्या वर्षांत तसा कधी पाहिला नव्हता. ती उठली, सरळ बॉसच्या घोळक्यात गेली आणि अंशुमनला म्हणाली, "चल."

"मावशी, आता लास्ट ड्राइव्ह आहे..."

"ती होईल तुझ्याविना."

बॉसने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा ह्याच्याकडे, आणि अंशुमनची बंदूक मुकाट्याने काढून घेतली. अंशुमन कानापर्यंत लाल झाला. मला त्याची दया आली, खोटं कशाला सांगू.

चढ खडा होता. सुहासिनी गुडघा ओढत पुढे, ठमी तिच्या पायाशी, मी धापा टाकत मागे. अर्ध्या वाटेवर तो म्हणाला, "मावशी, आय ॲम सॉरी. पण मी बॉसला घाबरून नाही खोटं बोललो."

"मग?"

"तुमच्यासाठी. ईशिता म्हणाली होती, जिवंत सापडला तर तुम्हाला स्वतःच्या हाताने मारावं लागतं. तुम्ही इतकं सगळं पाळता. माझ्यामुळे तुम्हाला ते पाप कशाला? मला वाटलं, नाहीच सापडला तर बरं."

सुहासिनी थांबली. मला वाटलं, आता विरघळेल. माझे तर डोळे भरून आले होते.

"माझं पुण्य राखायला," ती म्हणाली, "तू त्याला सकाळपासून मोडक्या पायाने तिथे ठेवलंस?"

भिंत आली. त्याने हात देऊन मावशीला पलीकडे उतरवलं. खाली कुठेतरी शेवटच्या फेरीचे बार सुरू झाले होते. तिने ठमीला सोडलं. वाळलेल्या नेच्याच्या रानात ठमी शिरली, दिसेनाशी झाली, नुसता पाचोळा हलत राहिला. बराच वेळ काही नाही. अंशुमन दोन्ही हात डोक्यावर ठेवून उभा होता.

मग ठमी आली. तोंडात तांबडा-सोनेरी नर. मान ताठ, डोळा उघडा. पाय नुसत्या कातड्यावर लोंबत होता.

"जिवंत आहे," अंशुमन म्हणाला. आणि लगेच हात पुढे केला. "द्या तो दांडका. मी करतो. चूक माझी आहे."

"आधी कधी केलंयस?"

"नाही."

"मग आज नाही. पहिल्यांदा करणाऱ्याचा हात अडखळतो. तुझ्या प्रायश्चित्तासाठी त्याला आणखी एक फटका कशाला?"

तिने पक्षी काखेत धरला, त्याचे डोळे तळव्याने झाकले, क्षणभर तिचे ओठ हलले. मी मान फिरवली. एकच आवाज झाला.

मी पुन्हा बघितलं तेव्हा तिने त्याच्या डोळ्यांवरचा तळवा अजून काढला नव्हता. दरवेळी तसाच ठेवते की काय, मला माहीत नाही. मी दरवेळी मान फिरवते. अंशुमन रडत होता, लहान मुलासारखा, नाक ओढत. तिने तो गरम पक्षी त्याच्या हातांत दिला.

"पुढच्या वेळी मला वाचवू नकोस," सुहासिनी म्हणाली. "मला सांग."

त्याने मान हलवली, आणि थेट गाडीपर्यंत तो पक्षी दोन्ही हातांत धरून आणला.