हिसाएचा गुडघा

जपानमधल्या मिकावातल्या एका कारखान्यात गाड्यांची दारं बनतात. दाराच्या कडेला रबर बसवायचं काम हिसाए कोंदो तरणीताठी असल्यापासून करत आलेली. प्रत्येकाच्या डोक्यावर एक दोरी लोंबते. काही अडलं की ती ओढायची, पिवळा दिवा लागतो, गाणं वाजतं, गटप्रमुख धावत येतो आणि आधी म्हणतो, "ओढलीत ते बरं केलंत." मग का अडलं ते सगळे मिळून शोधतात. तिथली रीतच ती.

पण हिसाएचा दिवा कधी पेटला नव्हता, आणि बाईला त्याचा कोण तोरा! निवृत्ती आठवड्यावर आलेली. दिवा असाच कोरा ठेवून घरी जायचं, एवढीच तिची इच्छा.

तिच्या जागी उभं राहायला, तिच्याकडून काम शिकायला तोकिए आली. आडव्या अंगाची, तोंडानं फटकळ. खालच्या वळणावर रबर अडलं की ओढ दोरी, परत अडलं की परत ओढ.

"तोकिए-सान, देवळातली घंटा नव्हे ती!" जेवताना हिसाए करवादली. "लोक म्हणतील, म्हातारीनं धड शिकवलं नाही."

"तुमच्या हातात जादू असेल, हिसाए-सान. माझ्या हातात दोरीच आहे."

गटप्रमुख नोरिमात्सु, हिसाएच्याच हाताखाली शिकलेला, दुपारभर हाताची घडी घालून दोघींचं काम बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "हिसाए-सान, वळणावर दाराला उजवा गुडघा मारता तुम्ही."

"अय्या, मारते होय?"

"हाच दुखतो ना? डावा नाही दुखत?"

"छे. हा आपला वयानं दुखतो."

"डावा धाकटा आहे वाटतं."

हिसाए गोरीमोरी झाली. "नवं रबर आलं तेव्हापासनं अडतं जरा. पण मला जमत होतं की!"

"जमत होतं म्हणून तर आम्हाला दिसलं नाही." त्यानं टोपी काढून डोकं खाजवलं. "चूक माझी. रोज इथून जातो, हात बघितले, पाय नाही बघितले."

हिसाए फुगून बसली.

दुसऱ्या दिवशी तोकिएनं तिच्यासारखा गुडघा उचलून बघितला आणि तोल जाऊन दाराला मिठीच मारली. सगळे खो खो हसले. हिसाएही हसली. पण तोकिए गुडघा चोळायला लागली तशी हिसाएचं हसू मावळलं. आपण हिला काम शिकवतोय की दुखणं देतोय?

पुढचं दार आलं तशी हिसाए स्वतः उभी राहिली. रबर अडलं. गुडघा सवयीनं वर आला. तिनं तो खाली ठेवला आणि दोरी ओढली.

गाणं वाजलं. सगळ्यांनी माना वळवल्या. नोरिमात्सु धावताना जवळजवळ घसरलाच. "ओढलीत... ओढलीत ते बरं केलंत! काय अडलं?"

"रबर ताठ आहे, वळत नाही. आणि माझ्या गुडघ्यानं राजीनामा दिलाय."

"माझं केस वाळवायचं यंत्र आणू उद्या?" तोकिए म्हणाली. "ऊब दिली की माझी सासूसुद्धा वळते."

शेवटच्या दिवशी कोमट रबर वळणावरून लोण्यासारखं सरकलं. हिसाएनं समाधानानं हात झटकले, तोच पुन्हा गाणं वाजलं. दोरी तोकिएच्या हातात.

"आता गं काय?"

"यंत्राची वायर पायात येतेय."

हिसाएनं नोरिमात्सु यायची वाटही बघितली नाही.

"ओढलीस ते बरं केलंस," ती म्हणाली आणि वायर बघायला खाली वाकली.