हबशीचं घर

खंडेनवमीला सातपूरच्या कारखान्यांत यंत्रांची पूजा होई आणि त्या दिवशी कामगारांच्या बायकापोरांना आत जाता येई. मी तेव्हा चौथीत होते. वडिलांच्या लेथला झेंडूची माळ घातलेली होती. साहेब पेढ्यांचे पुडे वाटत आले आणि म्हणाले, ‘‘हबशी, तुझा पुडा घे.’’ कोणाला म्हणताहेत म्हणून मी मागे वळून पाहिलं. पुडा माझ्या वडिलांनी घेतला. आजूबाजूचे हसले, वडीलही हसले.

वडील काळे होते. सावळे म्हणून सावरून घ्यावं इतपत नाही, चांगले काळे. म्हणून कारखान्यात सगळे त्यांना हबशीच म्हणत, पण आईला तो शब्द खपत नसे. त्यांच्या शेजारच्या यंत्रावरचा सायखेड्याचा सोबती एकदा दारात येऊन म्हणाला, ‘‘वहिनी, हबशी हाय का घरात?’’

‘‘त्या नावाचं इथं कोणी राहत नाही,’’ आई म्हणाली आणि तिनं दार लावून घेतलं. त्यानंतर कित्येक वर्षं तो आमच्याकडे फिरकला नाही. वडील तिच्यावर चिडले. ‘‘त्यांच्या मनात काही नसतं गं,’’ म्हणाले.

पुढे हायस्कुलात मी इतिहासाच्या बाईंना अर्थ विचारला. हबशी म्हणजे आफ्रिकेतल्या अ‍ॅबिसिनियाची माणसं, त्या म्हणाल्या. त्यांच्यात खलाशी होते, सरदार होते, समुद्रातला जंजिरा त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या राखला. मला कोण आनंद झाला! जेवताना मी वडिलांना सगळं सांगून टाकलं. भाकरी मोडता मोडता ते थांबले.

‘‘म्हणजे माणसंच ना?’’

‘‘हो.’’

‘‘मग हसतात कशाला?’’

त्या हसणाऱ्यांचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

काही वर्षांनी वडील कामावर असतानाच छातीत कळ येऊन गेले. त्यांना घरी आणल्यावर कारखान्यातली माणसं जमली. पुढे तोच सायखेड्याचा सोबती होता, रडून डोळे सुजलेले. आई दारात उभी होती. तिला पाहून तो उंबऱ्याबाहेरच थबकला.

‘‘वहिनी, आमचा...’’ म्हणाला आणि अडला.

आई वाट पाहत राहिली. आता तरी हा नाव घेईल, असं तिला वाटत असावं. तो नुसता ओठ हलवत होता. इतकी वर्षं शेजारी उभं राहून काम केलं, पण वडिलांचं नाव त्याला माहीतच नव्हतं.

आई बाजूला झाली.

‘‘या आत,’’ म्हणाली. ‘‘हबशीचंच घर आहे हे.’’