कपाटातला खालचा कप्पा

आमच्या सोसायटीच्या आवारात बदामाच्या झाडाखाली एक बाक आहे. संध्याकाळी त्यावर आम्ही चार म्हातारे बसतो आणि चौघांच्या छातीवर चार कंपन्यांची नावं असतात. त्यातल्या एकाही कंपनीचं दार आमच्यापैकी कोणी पाहिलेलं नाही. पोरांच्या ऑफिसात काही ना काही कार्यक्रम होतो, टी-शर्ट वाटले जातात, पोरं ते एकदा घालतात, आणि मग घरातली बाई म्हणते, कापड चांगलं आहे, टाकायचं कशाला. झालं, तो बापाच्या अंगावर. आम्ही लहान होतो तेव्हा बापाची पँट कापून पोराला चड्डी शिवायचे. आता पोराचं बापाला येतं. मापाचं तेव्हाही कोणी विचारत नव्हतं आणि आताही विचारत नाही.

माझ्याकडच्या एकावर मी अर्धी मॅरेथॉन पूर्ण केली असं इंग्रजीत लिहिलंय. एकदा दूध आणायला गेलो तर दुकानात उभी असलेली एक मुलगी म्हणाली, “काका, या वयात? ग्रेट!” मी म्हटलं, “सवय लागली की काही वाटत नाही.” हे बाकावर सांगितलं आणि माझीच वाट लागली. माझ्या शेजारी बसणारा, जो मला तीस वर्षं ओळखतो, म्हणाला, “अरे तू स्टेशनला जायला रिक्षा करतोस. धावलास कुठे, बाथरूमपर्यंत?” त्यानंतर महिनाभर मला कोणी नावाने हाक मारली नाही, मॅरेथॉनच म्हणायचे.

तो टी-शर्ट माझ्या मुलाचा. तो कॅनडात असतो. एकुलता एक. मी भांडुपच्या एका लहानशा कारखान्यात स्टोअर सांभाळून निवृत्त झालो, बायको जाऊन चार वर्षं झाली, आणि मुलुंड पूर्वेला तिसऱ्या मजल्यावरच्या या दोन खोल्यांत मी एकटा राहतो. माझे म्हणावेत असे कपडे थोडेच. दोन लेंगे, बाह्यांची बनियनं, बँकेत जायचे दोन शर्ट आणि लग्नकार्याचा एक झब्बा, जो आता बहुतेक वेळा दहाव्या-बाराव्यालाच बाहेर निघतो. याहून जास्त कपडे माणसाला कशाला लागतात हे मला तरुणपणीही कळलं नव्हतं. धुऊन धुऊन विरलेला लेंगा, आत बोटभर सैल नाडी, पंखा दोनवर आणि हातात चहा, एवढ्यावर माझी दुपार निघते. सकाळी मऊ भात, त्यावर तूप आणि मेतकूट. बुधवारी बाजारात जातो. तिथली मासेवाली मावशी बांगड्यांचा वाटा लावून बसलेली असते, एका घराला पुरेल असा. मी तिला म्हणतो, अर्धा दे. ती दर वेळी म्हणते, “अर्ध्यात काय होतं रे बाबा तुझं?” आणि दर वेळी अर्धा देते. घरी येऊन त्या बांगड्यांचं झणझणीत तिखलं करतो. चांगलं होतं. ते चांगलं झालंय हे सांगायला कोणी नसतं, तेव्हा ते चांगलं झालंय की नाही याचीच मला शंका येऊ लागते.

कपड्यांचं सांगत होतो. आमच्या लोखंडी कपाटात सगळ्यात खालचा कप्पा मुलाचा. तो परदेशी गेला तेव्हा बायकोने तो लावला. तीन-चार टी-शर्ट, दोन हाफ पँटी, एक लेंगा, पंचा. सगळे घरचे कपडे, म्हणजे जुने आणि मऊ. तिचा नियम असा की तो विमानतळावरून आला की आधी अंघोळ, मग घरचे कपडे, मग चहा. बॅगेला हात लावायचा नाही. “घरी आलेल्या माणसाला बॅग उघडावी लागते का?” असं ती म्हणायची. दर दोन महिन्यांनी ती ते कपडे धुऊन, ऊन दाखवून, डांबराच्या गोळ्या घालून परत ठेवायची. कोणी घातलेले नसायचे तरी. मी हसायचो. पण तो यायचा, अंघोळ करून सरळ त्या कप्प्यापाशी वाकायचा, आणि पाच मिनिटांत सोफ्यावर पाय वर घेऊन बसलेला असायचा. तेव्हा मला वाटायचं, हा कुठे गेलाच नव्हता. जाताना अंगातले दोन-तीन टी-शर्ट ठेवून जायचा. कप्पा भरलेला राहायचा.

ती गेल्यावर हे काम माझ्याकडे आलं. पहिलं वर्ष मी नेमाने केलं. मग मुलाचं येणं लांबत गेलं. त्याची नोकरी बदलली, नातीची शाळा सुरू झाली, तिकिटं महाग झाली. सगळी कारणं खरी होती, म्हणून तर भांडताही येत नव्हतं.

गेल्या वर्षी जुलैत आठवडाभर काहीच वाळेना. घरात दोऱ्या बांधल्या, पंख्याखाली लेंगे टांगले, तरी बनियनाला कुबट वास. शेवटी मी खालच्या कप्प्यातला एक टी-शर्ट काढून घातला. कोरडा, सैल, डांबराच्या गोळ्यांच्या वासाचा. खरं सांगतो, मला फार बरं वाटलं. त्या दिवशी घरात मी एकटा आहे असं वाटलं नाही. पाऊस उघडल्यावर तो धुऊन परत ठेवायचा असं मी ठरवलं होतं. ठेवला नाही. मग दुसरा काढला, मग तिसरा. बाकावर मिरवायला लागलो. मॅरेथॉन वगैरे त्यातलीच.

डिसेंबरात येतोय असा त्याचा फोन आला तेव्हा मी कप्पा उघडून पाहिला. एक पंचा आणि एक हाफ पँट. बाकीचं सगळं माझ्या अंगावर झिजलं होतं. एकाच्या गळ्याची शिवण उसवलेली, एकावर हळदीचा डाग, मॅरेथॉनवाला पोटाशी ताणून ढगळ झालेला. मी खाली जमिनीवर बसलो आणि मला अगदी घाबरल्यासारखं झालं. हसण्यासारखी गोष्ट आहे, पण मला हसू आलं नाही. तो येईल, वाकेल, आणि कप्पा रिकामा असेल. मग तो बॅग उघडेल. एकदा बॅग उघडली की तो पाहुणा. हे घर त्याचं राहिलंय की नाही, एवढा एकच प्रश्न मला वर्षभर छळत होता आणि त्याचं उत्तर मी स्वतःच घालून घालून संपवलं होतं.

दुसऱ्या दिवशी स्टेशनसमोरच्या दुकानात गेलो. दुकानदाराने विचारलं, “साइज काय काका?” मला सांगता येईना. शाळेच्या गणवेशाचं माप मला अजून पाठ आहे. मी म्हटलं, “माझ्यापेक्षा उंच आहे. पोट थोडं सुटलंय बहुतेक. फोनवर फक्त तोंड दिसतं.” त्याने दोन टी-शर्ट काढून दिले, एक निळा, एक लाल. एक लेंगाही घेतला.

घरी आणून कप्प्यात ठेवले तर ते दुकानातलेच दिसत होते. कडक घड्या, चकचकीत रंग. घरचे कपडे असे नसतात. मग मी ते भिजवले, चोळले, बाथरूमच्या फरशीवर धोपटले, वाळवले, आणि परत भिजवले. आठवडाभर हाच उद्योग. खालच्या मजल्यावरच्या वहिनींनी दोरीवर पाहून विचारलं, “काका, रोज तेच कपडे धुताय, डाग पडलाय का?” मी म्हटलं, “नवेपणा जात नाही हो.” त्या माझ्याकडे बघत राहिल्या. रात्री झोपताना निळा घालायचो, म्हणजे जरा मुरेल. शेवटी लाल रंग थोडा उतरला, कापड नरम झालं. मी घड्या घालून कप्प्यात ठेवले, मध्ये डांबराच्या गोळ्या टाकल्या. कुणालाही ते वर्षानुवर्षांचे वाटले असते.

तो सकाळी आला. दारात वाकून नमस्कार केला, मिठी मारली. पोट खरंच सुटलं होतं. मी म्हटलं, “जा, अंघोळ करून घे, पाणी तापवलंय.” आणि चहा ठेवायला आत गेलो, पण कान बाहेरच होते. बाथरूमचं दार उघडण्याआधी बॅगेच्या चेनचा आवाज आला.

अंघोळ करून तो आला तेव्हा त्याच्या अंगात राखाडी रंगाची मऊ पँट होती, त्याच कापडाचा टी-शर्ट, पायात घरात घालायच्या सपाता. सगळं तिथून आणलेलं, एका जाळीच्या पिशवीत नीट भरून. मी म्हटलं, “कपाटात कपडे होते रे.” तो म्हणाला, “असू दे पप्पा, आणलेत मी सगळे. तुम्हाला कशाला त्रास?”

त्याचं बरोबर होतं. कोणाला त्रास नको म्हणून सगळं स्वतःचं घेऊन येणारा मुलगा, याहून शहाणा मुलगा कुठला मागायचा? तो आठवडाभर माझ्याशी फार चांगलं वागला. मला डॉक्टरकडे नेलं, गिझर बदलला, बाकावर येऊन सगळ्यांना काका काका म्हणत तासभर बसला. मी बांगड्यांचा पूर्ण वाटा आणला. मावशी म्हणाली, “आला वाटतं पोरगा!” त्याने तिखलं बोटं चाटून खाल्लं. त्या जेवणापुरता मी सगळं विसरलो. पण रोज संध्याकाळी तो आपले कपडे घडी करून परत त्या जाळीच्या पिशवीत ठेवायचा, आणि मी ते न बघता बघायचो.

निघायच्या आदल्या दिवशी सकाळी नातीचा फोन आला. तिकडे तिची झोपायची वेळ. ती सात वर्षांची आहे, इथे आली होती तेव्हा अंगावर दूध पीत होती, तिला काही आठवत नाही. बाबा कुठे झोपतोस, दाखव, असा तिचा हट्ट चालला होता. मी चहाचे दोन कप घेऊन स्वयंपाकघरातून येत होतो. तो हातातला फोन फिरवत तिला घर दाखवत होता.

“हे बघ, हे आजोबांचं घर. ही आजोबांची खिडकी, इथून डोंगर दिसतो. हा आजोबांचा पंखा, किती आवाज करतो बघ.” ज्या खिडकीच्या गजात डोकं अडकवून तो एकदा रडला होता, ती ही खिडकी. “आणि हे आजोबांचं कपाट,” असं म्हणून त्याने दार उघडलं, फोन वरून खाली नेला आणि खालच्या कप्प्यापाशी थांबला. वाकला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

“अरे वा,” तो हसून म्हणाला, “आजोबांचे टी-शर्ट बघ. लाल! आजोबा एकदम स्टायलिश झालेत.” मग मान वळवून मला म्हणाला, “पप्पा, हे कधी घेतलेत? झकास आहेत.”

सांगावं असं एकदा ओठांवर आलं. कप हातात गरम लागत होते. फोनमधून ती चिमुरडी माझ्याकडे बघत होती.

“हो,” मी म्हटलं, “माझेच आहेत.”

“आजोबा, रेडवाला घालून दाखव ना,” ती म्हणाली.

मी कप टेबलावर ठेवले. लाल टी-शर्ट काढला आणि बनियनावरून घातला. खांदे खाली उतरत होते, बाह्या कोपरापर्यंत आल्या. मुलगा म्हणाला, “पप्पा, फार मोठा घेतलात हो, पुढच्या वेळी मला सांगा, मी तुमच्या मापाचे पाठवतो.” नात म्हणाली, गोल फिर. मी दोन्ही हात बाजूला धरून हळूहळू गोल फिरलो, आणि ती तिकडे अंथरुणात बसून टाळ्या वाजवत राहिली.