गोमाजी आणि तिसरी घंटा

गोमाजी कोळी दोन मराठी बोलायचा. एक कोपरीची, घरातली. दुसरी ठाण्यातल्या त्या छोट्या नाट्यगृहाच्या दारातली, नऊ वर्षं दाराबाहेर बसून ऐकलेल्या नाटकांतून उचललेली. घरी ‘कवा आलास रं’ म्हणणारा हा माणूस दारात ‘आपण उशिरा आलात’ म्हणायचा. ‘आपण’वर असा थांबायचा, की समोरचा मुळात ओशाळलेला असला तर आणखी ओशाळायचा. कॉलेजात मी त्याची नक्कल करायचे. तो थांबा जमायला मला दोन महिने लागले.

नाट्यगृह वाचनालयाच्या वर, एकशे वीस खुर्च्यांचं. वर जायला एकच जिना, बावीस पायऱ्या, मधल्या वळणावर टेकायला खिडकीचा कट्टा. पहिल्या रांगेतल्याने पाय लांब केला तर नट अडखळेल, इतकं सगळं जवळ. म्हणून गोमाजीचे नियम कडक. कॅरीबॅग वाजवायची नाही. ती तो काढूनच घ्यायचा आणि खिळ्याला अडकवायचा. खोकायचं असेल तर आधी बाहेर खोकून यावं, माठात पाणी आहे. नाटक आधी पाहिलं असेल तर पुढचं वाक्य शेजाऱ्याला सांगू नये. तान्हं मूल किंवा दुखरे गुडघे असतील तर दारालगतची खुर्ची. आणि तिसरी घंटा झाली की दार बंद, ते मध्यंतरापर्यंत. एकदा एक नगरसेवक चार मिनिटं उशिरा आलेले. गोमाजीने त्यांना स्टूल दिलं, पाणी दिलं, आत मात्र सोडलं नाही.

तो स्वतःही बाहेरच. त्याने एकही नाटक पाहिलेलं नव्हतं, ऐकलेली मात्र सगळी. घरी थोरल्या बहिणीला, जनीबायला, तो ती सगळ्यांच्या आवाजांत ऐकवायचा. जनीबाय मासळी बाजारात बसायची. आता गुडघे गेले होते आणि सोमवारी तिचा मुलगा पोपट तिला टिटवाळ्याच्या नव्या बिल्डिंगमध्ये नेणार होता. त्याआधी एकदा तरी तिला आत बसून नाटक पाहायचं होतं. टिटवाळ्याहून मग कोण आणतंय, असं तिचं म्हणणं.

गोमाजीने रविवारच्या साडेचारच्या प्रयोगाचं तिकीट काढलं, दारालगतच्या खुर्चीचं. तीन घंटा होतील, एवढं सांगून ठेवलं. चूक तिथेच झाली. कोपरीच्या धक्क्यावरून होडी सुटायची तेव्हा होडीवाला भिवा तीन हाका द्यायचा. पहिल्या दोन हाकांना कुणी हलायचं नाही. तिसरी आली की बायका पाट्या उचलून सावकाश उतरायच्या, आणि सगळ्या बसल्याशिवाय भिवा दोर सोडायचा नाही. तिसरीला निघायचं असतं, हे जनीबायला चाळीस वर्षं ठाऊक होतं.

मी जिना चढत होते तेव्हा ती वळणावरच्या कट्ट्यावर बसलेली, नवं लुगडं, डोक्यात अबोली. दुसरी घंटा झाली. मी तिला हात दिला, म्हटलं चला मावशी, दार लावतात.

“बस गं. दुसरीच झाली. तिसरी व्हऊंदे.”

मी म्हटलं, तिसरीनंतर सोडत नाहीत. ती हसली. मी काल धक्क्यावर आलेली पोर असावी, तसं हसली. तिला तिथे सोडून जायला मला जमलं नाही.

तिसरी झाली तशी ती उठली. अकरा पायऱ्या राहिल्या होत्या. वर गोमाजी दाराची एक फळी धरून उभा. त्याने तिला पाहिलं. ती तीन पायऱ्या चढली. आत दिवे उतरले. त्याने आणखी एकदा पाहिलं आणि फळी ओढून घेतली.

ती धापा टाकत वर पोचली तेव्हा तो म्हणाला, “आपण उशिरा आलात. मध्यंतराला यावं.”

जनीबायने मागे वळून पाहिलं. मागे मी. मी भिंतीकडे पाहिलं.

“आपन कोन रं, गोम्या?”

त्याने स्टूल पुढे केलं, पाणी दिलं आणि तिच्या पायाशी पायरीवर बसला. मग कुजबुजत सुरू झाला. आता सासरा उठला, खुर्ची सरकली ती त्याची. आता सून चहा ठेवते. मुलगा दुबईला आहे, आईबापाला पत्रं लिहितो, सून ती वाचून दाखवते. आतला नट बोलायच्या आधी इकडे वाक्य येत होतं, खोकल्यासकट. स्वतःचाच नियम तो मोडत होता, पण दाराबाहेर नियम नसावेत.

“काय पत्रं लिवतो पोर,” तो म्हणाला.

“पोपटला शिकव,” जनीबाय म्हणाली. मग विचारलं, सासरा दिसतो कसा. जाडा, गोमाजी म्हणाला, पोट सुटलेला. आवाजच तसा आहे.

मध्यंतराला त्याने तिला हात धरून खुर्चीवर नेऊन बसवलं. मीही आत गेले. दुसऱ्या अंकभर ती हलली नाही. कॅरीबॅग नाही, खोकला नाही.

नाटक संपल्यावर ती सगळ्यात शेवटी बाहेर आली. गोमाजी वाट बघत होता.

“तुजा सासरा काडी हाय, काडी,” ती म्हणाली. “नि ती पत्रं कोरी हायत.”

“कोरी?”

“कागूद उलटा करून दावला ना तिनं आमाला. काय पन नाय लिवलेलं. पोर लिवतच नाय. म्हातारा-म्हातारीला बरं वाटावं म्हनून ती मनानं बोलते.”

“आनि ती रडते ती?”

“त्येच्यासाठीच रडते.”

जिन्यावरून माणसं एकेक करून सोडायचं काम गोमाजीकडून राहिलं होतं, ती आपली आपण उतरून गेली होती. मग त्याने तिला धरून एकेक पायरी उतरवायला घेतलं. वळणावर ती कट्ट्यावर बसली. सुनेने नेसलेलं लुगडं कसं होतं, म्हातारी पत्र ऐकताना कुठे बघते, असं काय काय तो विचारत राहिला, कोपरीच्या मराठीत. ती सांगत राहिली.

सोमवारी ती टिटवाळ्याला गेली.

पुढच्या रविवारी तेच नाटक होतं. मला उशीर झाला. वर पोचले तर दार बंद, स्टूल रिकामं, खिळ्याला चार कॅरीबॅगा. मी पाणी प्यायले आणि बसले. मध्यंतराला दार उघडलं ते आतून. गोमाजी दारालगतच्या खुर्चीपाशी उभा होता, आणि मला ‘आपण’ म्हणायचं त्याच्या लक्षात राहिलं नाही.