काचेवरची तीच जागा

नाशिकच्या आमच्या कॉलेजात एक सूक्ष्मदर्शक आहे. त्याची सुई वस्तूवरून चाचपत जाते आणि केसाच्या जाडीएवढ्या जागेतले उंचसखल भाग पडद्यावर दाखवते. त्यासाठी पिंपळगावहून एक बाई आल्या. रुमालात गुंडाळलेली डबी त्यांनी दोन्ही हातांत धरली होती. डबीत वारलेल्या नवऱ्याच्या चष्म्याची काच होती आणि काचेवर नवऱ्याच्याच अंगठ्याचा ठसा.

"हा किती टिकेल, तेवढं सांगा," त्या म्हणाल्या.

ठशाशेजारी हिऱ्याच्या टोकाने बारीक खूण करून मी चित्र घेतलं. घामाचे थेंब सुकून चपटे झाले होते.

काही महिन्यांनी त्या परत आल्या. खूण असूनही तीच जागा गाठायला मला अख्खी दुपार लागली. सुई उतरताना बाई श्वास रोखून उभ्या होत्या. भिंगाखाली ठशाच्या रेषा जागच्या जागी होत्या. सुईच्या चित्रात थेंब मात्र फुगीर होते, ताजे.

"काचेला कुणी हात लावला का?"

"डबी कुलपात असते, सर. किल्ली माझ्या गळ्यात."

दुसऱ्या कुणाचं बोट टेकलं असतं, तर रेषा बदलल्या असत्या. स्वतःचं बोटही कुणाला पुन्हा इतकं नेमकं ठेवता येत नाही. मी तसं सांगितलं.

बाई घाबरल्या नाहीत. हलकेच म्हणाल्या, "तुम्हाला अख्खी दुपार लागली. ह्यांना ती जागा अंधारात सापडते."

काच परत देताना मी ती कडेने धरली. त्या ठशाला माझं बोट लागू नये, एवढंच मला हवं होतं.